पेडणेकरांचा जिल्हा

पेडणेकर ‘आमच्याकडे’ म्हणत, तेव्हा त्यांना कुडाळ अभिप्रेत नसे, मस्कतही नसे. अभिप्रेत असे तो रशियातला तळ्याकाठचा एक ग्रामीण जिल्हा, जिथे त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते.

मस्कतजवळ रुसैलच्या आमच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते; मी प्रशासन पाहत असे. मे महिन्यात दाराच्या कडीचा चटका बसत असताना ते शांतपणे सांगत, “आमच्याकडे तळ्यावरचा बर्फ आता कुठे वितळला. हिवाळ्यात बर्फावरनं सरळ पंचायतीत जायचं, आता अख्खा वळसा!”

एकदा कामानिमित्त आम्ही दोघे ओमानच्या किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला गेलो. बाजार पाहून ते खूश झाले. “अगदी आमच्याकडचं तालुक्याचं गाव. समुद्र काढा, तळं ठेवा.”

“आणि ही खजुराची झाडं?”

“भाऊसाहेब, बारीकसारीक खुसपटं काढू नका.”

कोणती पंचायत कोणत्या पंचायतीत विलीन झाली, टपालकचेरी कुठून कुठे हलली, सारे त्यांना तोंडपाठ होते. कारण त्या जिल्ह्यात त्यांची मुलगी मीरा डॉक्टर होती. शिकायला गेली आणि तिकडच्याच मुलाशी लग्न केले. त्यावर हे फोनवर म्हणाले होते, “मला मुलगी नाही.” तिने नंबर बदलला. पुढे तिच्या मैत्रिणीकडून पत्ता मिळवून ते दरमहा पत्र पाठवू लागले. उत्तर कधीच आले नाही.

“पण एकही परत आलेलं नाही,” ते म्हणत. “म्हणजे घेते ती.”

एवढ्याच आधारावर ते जगत होते. पत्त्यात एक अक्षरही चुकू नये, म्हणून हा सारा भूगोल.

हे मला ठाऊक होते. तरीही अल हैलला माझ्या घरी मंडळी जेवायला जमली असताना मी म्हणालो, “पेडणेकर, तुमचा जिल्हा खलास! शेजारच्या जिल्ह्यात विलीन केला म्हणे.”

सगळे हसले. पेडणेकर हसले नाहीत. ज्यावरून ते ही सारी माहिती काढत, ते त्या जिल्ह्याचे संकेतस्थळ हल्ली ओमानमधून उघडत नसे. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. ती थट्टा होती, हे त्याच वेळी सांगायला हवे होते. मी श्रीखंड वाढत राहिलो, आणि विसरलो.

काही महिन्यांनी कंपनीच्या टपालपेटीत एक पाकीट परत आले. मी गोदामात गेलो तेव्हा ते हातात धरून पेडणेकर खोक्यावर बसले होते.

“परत केलं तिनं.”

पाकिटावर शेजारच्या जिल्ह्याचे नाव होते. मी खाली मान घालून सांगितले, “जिल्हा कुठेही विलीन झालेला नाही. मी थट्टा केली होती. पत्ता माझ्यामुळे चुकला.”

त्यांनी शिव्या द्याव्यात, अशी माझी फार इच्छा होती.

“म्हणजे हे तिच्या हातात गेलंच नाही?”

“नाही.”

“तिनं परत नाही केलं?”

“नाही, पेडणेकर.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. “किती बरं केलंत सांगितलंत!” ते आभार मला अजून सोसत नाहीत.

मग त्यांनी नवे पाकीट काढले आणि पत्त्याचा जुना कागद माझ्यापुढे ठेवला. “तुम्हीच लिहा.”

ती अनोळखी अक्षरे मी एकेक करून चितारू लागलो. ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

“सावकाश, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “सावकाश.”