गुंतागुंत शून्य

कटिंग मास्तरांच्या डाव्या पायातल्या फुगलेल्या शिरांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. 'यशस्वी' हा शब्द कागदावर आधीच छापलेला होता. नाव तेवढं हाताने भरायचं. सव्वीस वर्षं कापडाच्या टेबलापाशी उभं राहून कमावलेल्या शिरा तासाभरात निकालात निघाल्या. घरी जाताना मास्तरांनी चाकाची खुर्ची मागितली, तर नर्सने आधी समाधानपत्र पुढे केलं. पाचही तारे रंगवून सही केल्यावर कुठे खुर्ची हलली.

पाचव्या दिवशी पोटरी टम्म फुगली, तापली, हात लावू देईना.

"अहो, हा पाय आहे की तक्क्या?" बायको म्हणाली. "उठा, दाखवून येऊ. आत गुठळी असली आणि वर सरकली म्हणजे?"

रुग्णालयाच्या दारावर ठळक पाटी होती : 'गुंतागुंत – शून्य'. पाटीखाली बसलेल्या बाईंनी पायाकडे न बघता संगणकाकडे बघितलं.

"गुंतागुंत म्हणून नोंद नाही करता येणार, काका. आमच्याकडे ती होत नाही."

"मग हे काय झालंय?"

"अपेक्षित सूज."

"कोणाला अपेक्षित? मला तर नव्हती!"

"तुम्ही समाधानी आहात, काका. ही बघा सही. असमाधानी व्हायचं असेल तर आधीचं समाधान रीतसर मागे घ्यावं लागेल. तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे, पण चालणं तुमच्या पायाला चांगलंच."

"आणि डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"शून्य गुंतागुंतीचा पुरस्कार घ्यायला गेलेत."

बायकोने वाद घातला नाही. मिळेल ती गाडी थांबवून तिने मास्तरांना दुसऱ्या रुग्णालयात नेलं. गुठळीच निघाली. "एक दिवस उशीर झाला असता तर फुप्फुसात गेली असती," तिथले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मास्तरांना दाखल करून घेतलं.

दोन दिवसांनी शेजारी भेटायला आले. त्यांच्याही पायाच्या शिरा फुगल्या होत्या. मास्तरांनी पडल्या पडल्या जीव तोडून सगळं सांगितलं; पाटी, खुर्ची, तिसरा मजला, काही सोडलं नाही. शेजारी तुमच्या-आमच्यासारखेच शिकलेसवरलेले, चौकशी केल्याशिवाय पाऊल न टाकणारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाइल काढला.

"तुमचं खरं असेल हो, मास्तर, पण हा एकट्याचा अनुभव झाला. इथे नऊशे लोकांनी पाच तारे दिलेत." बोटाने यादी सरकवता सरकवता ते थबकले. चेहरा एकदम निर्धास्त झाला.

"आणि हे काय, त्यात तुम्हीसुद्धा आहात की!"