अंगठ्याचा खटका

खैरनारभाऊंशी कोणी हात मिळवला, की तो हात त्या माणसाला लवकर परत मिळत नाही. भाऊ तो उलटा करतात, सुलटा करतात, अंगठा जरा हलवून बघतात आणि मग डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तशा आवाजात सांगतात, "मीडियम." आमच्या कंपाउंडमध्ये नवीन राहायला आलेल्या कुलकर्ण्यांना वाटलं, हे हात बघतात. बिचाऱ्यांनी दुसराही हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल का हो?" भाऊ म्हणाले, "ते काही सांगता येणार नाही. पण तुमची तर्जनी फार आगाऊ आहे." कुलकर्णी नंतर आठवडाभर ऑफिसात जपून वागत होते म्हणे.

आम्ही कतारमध्ये, दोह्याजवळ अल रय्यानला राहतो. आमच्या आणि खैरनारांच्या घरात एक सामाईक भिंत आहे आणि पुढच्या ओट्याला तर तीही नाही. त्यामुळे त्यांच्याकडे कोणती भाजी आहे हे मला कळतं आणि मी प्रशांतवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, का ओरडले हे त्यांना कळतं. भाऊ मूळचे सटाण्याचे. सगळी नोकरी गॅस प्लांटवर, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. माणूस अतिशय सज्जन. एकदा आमच्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं, प्रशांत घरी नव्हता, म्हणून मी त्यांना हाक मारली. ते आले, झुरळाला वर्तमानपत्रावर चढवलं, "चला, यल्ला," म्हणत दाराबाहेर सोडून आले. सुनंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते बाहेर चपलेनं मारलं. त्यावर भाऊ मला म्हणाले, "वहिनी, आपण आपल्याकडून सोडलं होतं."

तर असा हा माणूस गेलं वर्षभर शिकारीची तयारी करतोय. धनुष्यबाणानं! हसू नका, मी पोटभर हसून घेतलेलं आहे.

त्याचं झालं असं की खैरनारांचा अजिंक्य अमेरिकेत असतो. शाळा सगळी इथेच दोह्यात झाली, त्यामुळे मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं इंग्लिशमधून. तिकडे कुठल्याशा छोट्या गावात त्याला नोकरी लागली आणि ऑफिसातल्या मंडळींबरोबर तो हरणांच्या शिकारीला जायला लागला. एका शुक्रवारी तो फोनवर म्हणाला, "बाबा, कम इन नोव्हेंबर. वी विल गो टुगेदर. पण आधी एक चांगला थम्ब रिलीज घ्या." आणि भाऊ, ज्यांनी आयुष्यात गलोलही धरली नव्हती, ते "घेतो" म्हणाले.

हा थम्ब रिलीज म्हणजे काय, ते मला इच्छा नसताना इतक्यांदा समजावून सांगितलं गेलंय की मी झोपेतसुद्धा सांगेन. मुठीत मावेल एवढी धातूची वस्तू, हाताच्या मापाप्रमाणे स्मॉल, मीडियम किंवा लार्ज. तिला पुढे एक आकडा. तो धनुष्याच्या दोरीत अडकवायचा, दोरी गालापर्यंत ओढायची आणि अंगठ्यानं बटण दाबलं की आकडा उघडतो, बाण जातो. भाऊ तिला 'खटका' म्हणतात. तर्जनीनं ओढायचे खटकेही मिळतात, पण तर्जनीबद्दल भाऊंचं मत फार वाईट. "ती फार शहाणी, वहिनी. निशाण दिसलं की लगेच ओढते आणि बाण भलतीकडे. अंगठा समंजस असतो. हळूहळू दाबत राहायचं. केव्हा सुटणार ते आपल्याला कळताच कामा नये. घाई करायची नाही."

घाई करायची नाही, हे त्यांचं पालुपद. आणि खरंच केली नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या शमालच्या रस्त्यावर एका कतारी गृहस्थांच्या शेतावर तिरंदाजीची हौशी मंडळी जमतात. तिथे भाऊ दर शनिवारी जायला लागले. धनुष्य तिथलंच वापरायचं आणि खटका कोणाचा तरी मागून घरी आणायचा. तीन बोटांचा, चार बोटांचा, जाड बटणाचा, बारीक बटणाचा. मग आठवडाभर तो मुठीत. दोरीचा एक फास करून ठेवला होता, त्यात खटका अडकवून सिग्नलला गाडीत ओढायचे. टीव्ही बघताना ओढायचे. गणपतीच्या आरतीत सगळ्यांच्या टाळ्यांमध्ये एक 'टक्' वेगळा ऐकू आला, तेव्हा आमच्याकडे कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

बटणाला किती जोर लागतो हे मोजायला त्यांनी बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घेतला. गल्फमधल्या प्रत्येक मराठी घरात तो असतो, येताना लोणची आणि पापड किती बसतील ते बघायला. सुनंदाताई भारतात जायला निघाल्या, तर काटा जागेवर नाही. तो सापडला भाऊंच्या टेबलावर, त्याला खटका लटकलेला. "हे मला बघायला आले तेव्हा वीस मिनिटांत होकार दिला होता यांनी," सुनंदाताई मला म्हणाल्या. "आणि हा चिमटा घ्यायला वर्ष!"

एकदा आम्हीही त्या शेतावर गेलो. वाळूत रबरी हरणं उभी केलेली, एक रबरी अस्वलही होतं. भाऊंनी धनुष्य ओढलं, अंगठा बटणावर ठेवला आणि उभेच राहिले. शेतमालक अबू फहद आमच्या शेजारी चहा पीत बसले होते. त्यांचा चहा संपला. ते ओरडले, "या मुहंदिस, यल्ला! रबराचं आहे, पळणार नाही!" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर; बाकीचं ते हिंदीत म्हणाले, तिथे सगळं हिंदीतच चालतं. शेवटी बाण सुटला आणि हरणाच्या खांद्यात बरोब्बर बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ बाण काढायला गेले आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, ते हरणाला "सॉरी" म्हणाले.

"भाऊ, खरं हरिण आलं तर मारणार आहात का?" मी विचारलं.

"ते पुढचं पुढे बघू," ते म्हणाले. "आधी खटका ठरू दे."

आता मी आहे मुळात दुसऱ्याचं अडलेलं काम मार्गी लावणारी बाई. माझ्यानं हे बघवेना. नोव्हेंबर जवळ येत चालला, सुट्टी मंजूर झाली, तिकिटं झाली आणि या माणसाचं आपलं 'घाई करायची नाही'. तेवढ्यात प्रशांतला कामासाठी अमेरिकेला जायचं निघालं. मी त्याला बजावलं, भाऊंना सगळ्यात जास्त आवडलेला तो तीन बोटांचा, पितळी बटणाचा घेऊन ये, मीडियम. कंपाउंडमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून तो भाऊंच्या वाढदिवसाला दिला. कुलकर्ण्यांनी तर भाषण केलं. भाऊंनी डबी उघडली, खटका मुठीत धरला, अंगठा ठेवला. "परफेक्ट आहे," म्हणाले. मग डबी बंद करून केक कापला. मला वाटलं, आनंदानं बोलता येत नसेल.

त्यांचे शुक्रवारचे फोन आम्हाला ओट्यावर ऐकू येतात. आमची संध्याकाळ, अजिंक्यची सकाळ. तो ऑफिसला जाताना गाडीत समोर फोन लावतो आणि व्हिडिओवर बोलतो. ऑफिस आलं की "ओके बाबा, पोचलो, बाय." वर्षभर त्या फोनवर खटक्याची चर्चा चालायची. चार बोटांचा हातात कसा बसतो, थंडीत हातमोजे घातले तर बटण कळेल का, जंगलात आवाज होईल का. भाऊ एकेक खटका कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवायचे.

वाढदिवसानंतरच्या शुक्रवारी भाऊंनी नवा खटका दाखवला. "ऑसम, बाबा," अजिंक्य म्हणाला. "दॅट्स द वन. यू आर ऑल सेट."

"हो," भाऊ म्हणाले. "तू जेवलास का?"

"सकाळ आहे, बाबा."

"हां. बरा आहेस ना?"

"हो. आईला द्या ना."

भाऊंनी फोन सुनंदाताईंना दिला आणि माझ्या जास्वंदीला पाणी घालायला लागले. मी नुकतंच घातलेलं होतं. पुढच्या शुक्रवारी फोन त्याहून लवकर संपला.

त्या दिवशी सुनंदाताई आत गेल्यावर मी न राहवून विचारलं, "भाऊ, खटका आवडला नाही का? खरं सांगा."

"फार आवडला, वहिनी. इतका चांगला मी स्वतः घेतला नसता." ते पाण्याचा पाइप गुंडाळत बसले. मग म्हणाले, "अजिंक्य लहान असताना माझी ड्यूटी लांब रास लफानच्या प्लांटवर होती. पहाटे तो झोपलेला असताना निघायचो, यायचो तेव्हाही झोपलेला. सुट्टीच्या दिवशी समोरासमोर बसलो की दोघांनाही सुचायचं नाही. अभ्यास झाला का, हो. संपलं. पुढे तो अमेरिकेला गेला, तिकडेही तेच, जेवलास का, हो. या खटक्यानं आम्हाला विषय दिला होता. वर्षभर तो मला समजावून सांगायचा आणि मी त्याला प्रश्न विचारायचो. आता निवडून झालं. आता काय विचारू?"

जी गोष्ट हा माणूस जिवापाड लांबवत होता, ती आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून संपवली होती!

पुढचा शुक्रवार उजाडला. मी मुद्दाम धिरडी केली आणि फोन लागायच्या वेळेला ताटली घेऊन ओट्यावर गेले. 'जेवलास का' पर्यंत गाडी आलेलीच होती. मी सरळ मध्ये तोंड घातलं.

"अजिंक्य, मी शेजारची काकू. अरे, तुझ्या बाबांना सांग काहीतरी. ते भिडेखातर बोलत नाहीत, पण ते पितळी बटण त्यांच्या अंगठ्याला टोचतंय."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर आरतीत शिट्टी मारली. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. मी त्यांच्या हातावर धिरडं ठेवलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, आता बोला.

"थोडं..." भाऊ चाचरत म्हणाले. "थोडं इथे लागतं. बाजूला."

"कुठे? बाबा, शो मी. कॅमेऱ्याजवळ आणा. नाही, दुसऱ्या बाजूनं." अजिंक्यचा आवाज एकदम जागा झाला. "स्क्रू थोडा सैल करून पाहिला का? नका करू, थांबा. माझ्याकडे दुसरा आहे, मोठ्या बटणाचा. नाहीतर इथे आलात की दुकानात जाऊन आपण सगळे ट्राय करू."

"सगळे?" भाऊ म्हणाले. "पण मग शिकारीचे दिवस त्यातच जातील."

"जाऊ देत ना," अजिंक्य म्हणाला आणि मग मराठीत, जरा अडखळत, "बाबा, घाई करायची नाही."

मी धिरड्याची ताटली ठेवायला वाकले होते, तेव्हा माझं लक्ष फोनच्या पडद्याकडे गेलं. अजिंक्यच्या मागे खिडकीतून काहीच सरकत नव्हतं. एक लाल गाडी उभी होती, तीच उभी होती. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं, हातात कॉफीचे कप घेऊन, बाजूनं चालत एका इमारतीत शिरत होती. पोरगा ऑफिसला केव्हाच पोचला होता. गाडी बंद करून तो तसाच आत बसला होता आणि म्हणत होता, "आता परत एकदा मूठ दाखवा, बाबा. हळू."