ब्रेकने धरलेलं मौन

सोसायटीच्या फाटकाशी उतार आहे. तिथे रोज सकाळी एका मोटरसायकलचा ब्रेक किंचाळत असे. कार्यकारिणीने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली. मोटरसायकल खुद्द अध्यक्षांच्या सुनेची निघाल्यावर गांभीर्य दुप्पट झालं.

"बाबा, ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर धूळ बसलीय," सून म्हणाली. "रविवारी उघडून साफ करते. पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिनांना जरासं ग्रीस लावलं की होईल गप्प."

"रविवारपर्यंत लोकांनी कानात बोळे घालायचे? सरळ तेल सोड त्या डिस्कवर."

"डिस्कला तेलाचं बोटसुद्धा लावायचं नसतं, बाबा. गाडी थांबणारच नाही."

अध्यक्षांनी हा आक्षेप प्रामाणिकपणे सभेपुढे ठेवला. पण तक्रार आवाजाची होती. थांबण्याविषयी एकही तक्रार कार्यालयाकडे आलेली नव्हती. सबब तेलाचा ठराव एकमताने मंजूर झाला. सासूबाईंचाही हात वर गेला. त्यांना पंखा बारीक करायला सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सून आंघोळीला गेल्याचं पाहून अध्यक्षांनी शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि पुढची-मागची डिस्क बाळाला माखावं तशी मायेने माखली. मग, शांतता प्रत्यक्ष अनुभवावी म्हणून, स्वतःच सुनेच्या मागे बसले.

उतारावर सुनेने ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. समोर रस्त्यावरून ट्रक येत होता.

"बाबा, तेल लावलंत?"

"बघ, काही ऐकू येतंय का?" अध्यक्ष समाधानाने म्हणाले.

सुनेने जीव मुठीत धरून हँडल वळवलं आणि गाडी कडेच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. तिचं कोपर सोललं. अध्यक्षांचा पाय मोडला.

तेल प्यायलेले पॅड सुनेने फेकून दिले, नवे बसवले, डिस्क क्लीनरने पुसून कोरडी केली, पिनांना ग्रीस लावलं. ब्रेक लागू लागला, आणि गप्पही झाला.

नेमका तो गप्प झाला, तिथेच घात झाला. पुढच्या सभेत प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून अध्यक्ष म्हणाले, "आवाज बंद झाला की नाही?"

"बाबा, तो तेलाने नाही झाला."

"सूनबाई, घरचं घरी बोलू."

तेलाची योजना सर्व वाहनांना लागू झाली. खबरदारी म्हणून वाळूचा ढीगही कायम ठेवण्यात आला. गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरली.

तुम्ही त्या सभेला आला नव्हतात. गाडी काढण्याआधी एकदा खाली वाकून डिस्क बघा.