श्रीपतचं लाकूड आणि बडा मंगल

"दुकानातून लाकूड कोण विकत घेतं? ज्याला अक्कल नसते तो!" असं श्रीपत वाहाणेने ऑफिसात सगळ्यांदेखत सांगितलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

अकोल्याहून बदली होऊन हिवाळ्यात लखनऊला आल्यापासून त्याला माशांच्या टाकीचं वेड लागलं होतं. साधी टाकी नव्हे हं! आत खरीखुरी झाडं, मऊ शेवाळ, आणि मधोमध नदीतून वाहत आल्यासारखं एक वाकडंतिकडं लाकूड. चार फुटी काचेची टाकी आली, सात वेळा धुतली गेली, हॉलमध्ये ऐटीत बसली आणि तीन महिने कोरडीच राहिली. कारण लाकूड नव्हतं.

ते मिळालं लखनऊबाहेरच्या बख्शी का तालाब गावात. तिथे एअरफोर्समध्ये असलेल्या जयसिंगने, म्हणजे श्रीपतच्या शाळासोबत्याने, आटलेल्या डबक्याकाठचं आंब्याचं एक जुनं मूळ दाखवलं. श्रीपतने ते स्कूटरवर पुढ्यात घेऊन अलीगंजातल्या घरापर्यंत आणलं. मुळाचे पाचही फाटे हँडलच्या वर आलेले. सिग्नलला लोक आधी मुळाकडे बघत, मग श्रीपतकडे.

साल खरवडली, ब्रशने घासलं, टबात भिजत घातलं. पण लाकूड बुडायलाच तयार नाही! पंधरा दिवस त्याच्या डोक्यावर घरचा वरवंटा ठेवला. वरवंटा काढला की लाकूड टुणकन वर!

"चटणी मी काय कपाळाने वाटू?" त्याची बायको चंदा शेवटी कडाडली. "आणि ऊन बघा बाहेर! त्या टाकीच्या जागी मला कूलर पाहिजे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तुमचं लाकूड बुडालं, तर टाकी राहील. तरंगलं, तर टाकी घराबाहेर!"

 श्रीपतने जयसिंगला फोन लावला.

"उकळ लेका," जयसिंग म्हणाला. "चार-पाच तास सलग. आतली हवा निघते, रंग उतरतो, मग कसं दगडासारखं तळाशी बसतं!"

एवढं मूळ मावेल असं भांडं घरात एकच होतं. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी घरी आणलेलं विहाराचं पातेलं. ते आणि विहाराचीच मोठी शेगडी परत न्यायला मधुकरराव, म्हणजे विहाराचे शिस्तीचे सचिव, मंगळवारी चार वाजता येणार होते. त्याआधी घासूनपुसून ठेवू, असा श्रीपतने हिशेब केला. स्वयंपाकघरात चंदा उभं करेना, म्हणून त्याने मंगळवारी सकाळी फाटकाबाहेर कडुनिंबाच्या सावलीत शेगडी मांडली. ऑफिसला स्थानिक सुट्टी होती. कशाची, हे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती.

अकरा वाजता पातेल्यातून वाफ निघाली. सव्वाअकराला एक बाई येऊन सावलीत बसल्या. साडेअकराला त्यांच्यामागे चौदा माणसं होती.

"भाईसाहब, कितनी देर है?" एकाने प्रेमाने विचारलं.

"चार घंटे," श्रीपत म्हणाला.

"कोई बात नहीं. हम बैठे हैं."

बारापर्यंत रांग कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत गेली! तेवढ्यात शेजारचे मिश्राजी हात जोडत आले. "वाहाणेजी, पहले ही साल में भंडारा! वाह! वरना बाहर से आए लोगों को तो पता भी नहीं होता कि आज बड़ा मंगल है."

बाहेरून आलेल्याला पत्ता नव्हताच! जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठातल्या, दर मंगळवारी अख्खं लखनऊ हनुमानाच्या नावाने रस्त्यावर पातेली मांडतं आणि येईल त्याला खाऊपिऊ घालतं, हे श्रीपतला त्या क्षणी कळलं. बाहेर पातेलं, खाली जाळ, म्हणजे भंडारा. पाटी कशाला लागते!

"नहीं नहीं, मैं तो लकड़ी उबाल रहा हूँ!"

मिश्राजींनी झाकण उचललं. तांबूस काळ्या पाण्यातून मुळाचा एक फाटा वर आलेला. त्यांनी वास घेतला आणि रांगेकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "काढ़ा है. जड़ी वाला."

रांगेत समाधान पसरलं. दोन म्हातारे तर गुडघ्याला लावायलाही मागू लागले!

श्रीपत घरात धावला. "चंदा, मेलो! शंभर माणसं लाकडाचं पाणी प्यायला बसलीत!"

चंदाने खिडकीतून बघितलं. कडक ऊन, रांगेत लेकरं, म्हाताऱ्या. तिने पदर खोचला. "खिरीची उरलेली साखर काढा. मिश्राजींना म्हणावं लिंबं आणि बर्फ आणा. शरबत करू."

"कशात? पातेल्यात तर लाकूड आहे!"

चंदाने हॉलकडे बघितलं. तीन महिने कोरडी, सात वेळा धुतलेली, चार फुटी.

"नाही! चंदा, त्यात झाडं लावायचीत!"

"उचला!"

टाकी रस्त्यावर आली. आत लिंबं तरंगत होती, बर्फ तरंगत होता, आणि काचेतून सगळं दिसत असल्यामुळे दुसऱ्या गल्लीतूनही माणसं आली. श्रीपत ग्लास भरून देत राहिला. एक आजी ग्लास रिकामा करून त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या, तेव्हा खरं सांगायचं तर त्याला टाकीचा विसर पडला.

बरोबर चारला मधुकरराव आले. "जय भीम, श्रीपतराव. हे काय? तुम्ही आणि भंडारा? आपल्या पातेल्यात?"

"नाही हो, सर! पातेल्यात लाकूड आहे!"

याने काहीच सुधारलं नाही. मधुकररावांच्या भुवया पार वर गेल्या. चंदाने त्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी तो संपवला, दुसरा मागितला, रांगेतल्या लेकरांकडे बघितलं.

"तहानलेल्याला पाणी पाजायला आपली कधी ना होती?" असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. "ए भाई, लाइन से! लाइन से आइए!"

साडेपाचला गर्दी ओसरली. श्रीपतने पातेल्याचं झाकण काढलं आणि काठीने लाकूड ढोसलं. हललं नाही! तळाशी घट्ट बसलं होतं!

"बुडालं! चंदा, बुडालं! टाकी राहिली!"

"राहिली," चंदा हसून म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

मिश्राजीही जवळ आले. "टंकी तो बहुत ही शुभ है, वाहाणेजी! भाभीजी से पूछ लिया है. इस बार अधिक मास है न, पूरे आठ बड़े मंगल हैं. बाकी सातों के लिए मोहल्ले ने बुक कर ली. बस, नल लगवाना है."

टाकीला दुसऱ्याच दिवशी खाली भोक पाडून नळ बसला. हॉलमध्ये कूलर आला. लाकूड टबात आहे, अगदी तळाशी. वरवंटा चंदाने परत नेला.