बारा माणसांचं पंधरा हजार पब्लिक

"माझ्या हातून रेकॉर्डिंग बिघडलं, तर मिशी काढून फिरेन!" असं रेकॉर्डिस्टने रॉक बँडला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्याला मिशी नव्हती.

बँडचा हा शेवटचा कार्यक्रम. त्याचीच लाइव्ह रेकॉर्ड निघणार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रमवाला कायमचा परदेशी जाणार, म्हणजे पुन्हा वाजवा म्हणायची सोय नाही. कार्यक्रम झकास झाला. पंधरा हजार लोक घसा फाटेस्तोवर ओरडले.

सकाळी स्टुडिओत त्याने टेप लावली. गिटार ठणठणीत, ड्रम दणदणीत. गाणं संपलं आणि पंधरा हजार लोकांच्या जागी लांब कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखी सूं ऐकू आली. पब्लिकसमोरच्या माइकच्या वायरीचं एक टोक माइकला होतं. दुसरं त्याच्या बॅगेत होतं, व्यवस्थित गुंडाळलेलं.

दुपारी चारला बँड ऐकायला येणार होता! त्याने बायकोला फोन केला.

"टाळ्याच हव्यात ना?" ती म्हणाली. "मग एवढा घाबरतोस काय? बाबांना पाठवते."

तिचे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. तासाभरात ते सकाळी फिरायला येणारे अकरा मित्र घेऊन हजर झाले. त्यातल्या एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"बाबा, मी हात वर केला की टाळ्या आणि आरडाओरडा!"

टाळ्या पडल्या. बक्षीस समारंभात तिसऱ्या क्रमांकाला पडतात तशा.

"जरा बेभान होऊन!"

"जावईबापू, म्हणजे नक्की किती?"

"शुद्ध हरपल्यासारखं!"

"ते जमणार नाही. यांना डॉक्टरांची मनाई आहे."

त्याने पुन्हा हात वर केला. पुन्हा तिसरा क्रमांक. दार बंद, खिडकीचा पत्ता नाही आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद. अर्ध्या तासाने मंडळींचा संयम सुटला. आधी एकजण पुटपुटला, मग बाराही जण पाय आपटत ओरडू लागले, "पंखा लावा! पंखा लावा!" खुद्द मुख्याध्यापक टेबल बडवत होते. तेवढ्यात मोतीबिंदूवाल्यांना शिंक आली.

रेकॉर्डिस्टने टेप चालूच ठेवली होती. आवाजावर आवाज चढवत त्याने बाराचे बाराशे केले, बाराशेचे बारा हजार. शब्द विरघळले, नुसती गर्जना उरली. शिंकही त्याच पटीत वाढली. ती काही केल्या निघेना.

चारला बँडने टेप ऐकली. गिटारवाल्याचे डोळे भरून आले. "काय पब्लिक होतं रे! आणि तिसऱ्या गाण्यानंतरचा तो स्फोट?"

"आतषबाजी," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"आपण ठेवली होती?"

"लोकांनी आणली होती."

रेकॉर्ड तुफान गाजली. आज तिला अजरामर म्हणतात. या रेकॉर्डचा खरा नायक तिचं पब्लिक आहे, असं जाणकारांनी तेव्हाच लिहून टाकलं.

रेकॉर्ड बाजारात आली त्याच आठवड्यात, उपकार स्मरून, त्याने ती सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळ्या मंडळींना ऐकवली. बाराही जण तासभर पाठ ताठ करून बसले होते. शेवटी मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"छान झालीय," ते म्हणाले. "फक्त मध्ये मध्ये ते गाणारे लोक फार गोंगाट करतात. आमचं नीट ऐकूच येत नाही."