नारिंगी बटण आणि मकबूलचाचा

ते नारिंगी बटण मीच दाबलं. दीडशे पोरांनी पाऊण तास चुकीचा पेपर सोडवला, तो माझ्यामुळे.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. रेडिओ लहरी हा धडा तर माझा हातखंडा; मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तेवढ्यापुरती जागी होतात, असा माझा समज आहे. आणि हातात मावणाऱ्या स्वस्तातल्या वॉकीटॉकीवरचं कोणतं बटण दाबायचं नसतं, हे मला मकबूलचाचांनी किमान चाळीस वेळा सांगितलं होतं. चाळीस वेळा सांगितलं, म्हणूनच मी ऐकलं नव्हतं.

मकबूलचाचा आमच्या क्लासच्या वायरलेसचे प्रमुख. चार इमारती, बारा सेट आणि एक चाचा. त्यांची पहिली खोड म्हणजे बोलण्याआधी दहा आकडे मोजणं. सेट तोंडाजवळ धरायचा, डावा हात वर करायचा, की आसपासच्या सगळ्यांनी गप्प बसायचं. मग नुसते ओठ हलताना दिसतात. दहा झाले की बटण दाबून, "मकबूल बोलून राहिलो. गेटवर पाण्याचा टँकर आला. ओव्हर." तोवर टँकरवाला कंटाळून शेजारच्या होस्टेलला पाणी देऊन मोकळा झालेला असतो. एकदा माझ्या वर्गातल्या पंख्यातून धूर निघाला. मी धावत चाचांकडे गेलो, "चाचा, मेन स्विच बंद करायला सांगा!" चाचांनी शांतपणे डावा हात वर केला. मी त्यांच्याभोवती नाचत होतो आणि ते मोजत होते. सहा. सात. पंखा विझला तो आपल्या मनाने.

चाचांचं पूर्वी गंजगोलाईजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे रेडिओ दुरुस्त करून घेणारे संपले आणि त्या गल्लीत क्लास, होस्टेल, मेस आणि झेरॉक्स एवढंच उगवायला लागलं. दुकान गेलं, पण दुकानातलं वाक्य चाचा बरोबर घेऊन आले: "मशीन शरीफ, मालक खराब." गिऱ्हाईक टेप घेऊन यायचं, चाचा तो उघडायचे, कापसाने पुसायचे, बंद करायचे आणि हा निकाल द्यायचे. तीस वर्षांत त्यांनी एकाही मशीनला खराब म्हटलं नाही. मी एकदा घरचा जळका मिक्सर त्यांच्याकडे नेला. दुर्दैवाने बायकोही बरोबर होती.

"काय घातलं होतं, सर?"

"हळकुंडं. अख्खी."

चाचांनी मिक्सरकडे दयेने बघितलं, माझ्याकडे तसं बघितलं नाही, आणि निकाल दिला. तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरातही लागू आहे.

तर हे सेट. त्यांच्या तोंडावर, पडद्याच्या खाली, एक नारिंगी बटण असतं. ते दाबलं की सेट चॅनल मोडमधून फ्रिक्वेन्सी मोडमध्ये जातो, पुन्हा दाबलं की परत येतो. शास्त्रीय खुलासा मी करू शकतो, पण चाचांचा जास्त बरा आहे.

"चॅनल मोड म्हणजे आपली गल्ली, सर. समद्यांची घरं ठरलेली. हाक मारली की ओ येतीच. फ्रिक्वेन्सी मोड म्हणजे माळरान. तिथं कुणी बी असंल, न्हाईतर कुणीच नसंल. कोपऱ्यात बारका नंबर दिसला की समजायचं गल्लीत हाव. न्हाई दिसला, तर गेलात भटकायला."

"चाचा, मला फ्रिक्वेन्सी समजावून सांगता?"

"फ्रिक्वेन्सी तुमाला ठावं हाय. बटण ठावं न्हाई."

सेटमध्ये एक बाईही होती. बटण दाबलं की ती इंग्रजीत ओरडून सांगायची, फ्रिक्वेन्सी मोड, चॅनल मोड. उच्चार असे, की जणू कुणी तिच्या पायावर पाय दिलाय. एकदा ऐन गॉसच्या नियमात माझं कोपर लागलं आणि ती टेबलावरून किंचाळली. पुढचा आठवडाभर मी वर्गात शिरलो की मागून कुणीतरी हळूच "चॅनल मोड" म्हणायचं. मी चाचांना सांगितलं, या बाईला गप्प करा.

चाचांना ते पटलं नाही. "सर, चुकीचं बटण दाबलं तर ती बोंब मारती. तिला गप केलं तर तुमची चूक कोन सांगनार?"

"मी फिजिक्सचा माणूस आहे, चाचा."

"म्हनूनच इचारून राहिलो," चाचा म्हणाले, आणि त्यांनी बाई गप्प केली.

मग आला तो शनिवार. मोठी परीक्षा होती. मोठे सर, म्हणजे आमचे संचालक, सकाळीच चाचांना सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, ही तुमची डबडी आज नीट चालली तर ठेवू. नाहीतर सोमवारपासून बंद. सगळं मोबाईलवर." चाचांनी नुसती मान हलवली. डबडी गेली तर डबडीवाला कशाला ठेवतील, हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं. परीक्षेच्या वेळी मोबाईल मात्र ऑफिसात जमा होते, तेव्हा त्या दिवशी सगळा भार सेटवरच होता.

मी तीन नंबरच्या इमारतीत, बारावीच्या पोरांवर. पेपर सुरू व्हायला वेळ होता आणि त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. या सेटवर एफएमही लागतो. त्याचं बटण बाजूला असतं. मी दाबलं समोरचं. कॉमेंट्री काही लागली नाही, बाई गप्प केलेली होती, सेट गप्प झाला. मी तो खिशात टाकला आणि पेपर वाटले.

पुढचा पाऊण तास फार शांततेत गेला. एकदाही कुणी मला हाक मारली नाही. आपल्या इमारतीत शिस्त कशी आहे, हे परीक्षेनंतर मोठ्या सरांना कोणत्या शब्दांत सांगावं याचा मी विचार करत होतो. मध्येच एक पोरगी उभी राहिली.

"सर, हा अकरावीचा पेपर आहे."

"रिव्हिजन समज," मी म्हणालो. ती बसली आणि सोडवायला लागली. लातूरची पोरं ती; समोर कागद आला की सोडवतात.

गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. खाली चाचा पाऊण तास मला बोलावत होते, "तीन नंबर, पेपर थांबवा." दर वेळी दहा मोजून. आणि मी होतो माळरानावर. शेवटी गेट दुसऱ्यावर सोपवून, दुखऱ्या गुडघ्याने रस्ता ओलांडून, तीन जिने चढून चाचा दारात येऊन उभे राहिले. त्यांना बोलता येईना. त्यांच्या मागोमाग मोठे सर आले. त्यांना बोलता येत होतं.

"अहमदपूर, धर्माबादहून पालक एसटीने आलेत! परत पेपर घ्यायचा? काय सांगू त्यांना? झालं काय नेमकं?"

चाचांनी माझ्या खिशातून सेट काढला. पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यात नंबर नव्हता. अंगठ्याने नारिंगी बटण दाबलं, आणि सेट माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात ठेवला.

"सेट खराब झाला, सर," ते मोठ्या सरांना म्हणाले. "मी तपासायला पायजे व्हता."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. मी खडू शोधत राहिलो.

"सोमवारी सगळे सेट जमा करा," मोठे सर म्हणाले. "आणि चाचा, तुम्हीही आता आराम करा."

रविवारी मी चाचांच्या घरी गेलो. एकट्या माणसाच्या दोन खोल्या. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. फळीवर उघडे रेडिओ, आणि टेबलावर सेट. चालू. कोपऱ्यात बारका एक नंबर.

"चाचा, आज क्लासला कुलूप आहे. कोण बोलणार यावर?"

"कुनी न्हाई."

"मग चालू कशाला?"

"बंद ठिवला अन् कुनी हाक मारली तर?"

मी माफी मागायला आलो होतो, पण धीर होईना. म्हणून भलतंच विचारलं, ते दहा आकडे कशासाठी?

चाचांनी चहा बशीत ओतला. "भूकंपात माझ्या आपाचं, थोरल्या भैनीचं, घर बसलं. किल्लारीकडं. ढिगाऱ्यावर एक फौजी व्हता. त्यानं हात वर केला की समदं गाव गप. रडनारे बी गप. दहा मोजायचे अन् दगडाला कान लावायचा. आठला टकटक आली. माझी भाची. आता नांदेडला नर्स हाय." बशी फुंकून ते म्हणाले, "सातला कुनी बोललं असतं, तर?"

आपाचं मी विचारलं नाही. चाचांनीही सांगितलं नाही.

"आता काय करणार, चाचा?"

"भाची म्हनती, नांदेडला ये. जाईन. पन ती दिसभर दवाखान्यात. तिथं मी कुनाला हाक मारू?"

मग मात्र मला राहवलं नाही. "तुम्ही पाहिलं होतं ना, कोपऱ्यात नंबर नव्हता?"

"हाव."

"मग सेट खराब का म्हणालात? तुम्ही?"

"सेटला काय वाटतंय, सर? त्याला उद्या दीडशे पोरांपुढं उभं राहायचं न्हाई."

सोमवारी मी मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेलो. चाचा बारा सेट एका खोक्यात भरून उभे होते.

"सर, सेट चांगला होता," मी एका दमात म्हणालो. "नारिंगी बटण मी दाबलं. कॉमेंट्रीसाठी."

मोठे सर खोक्याकडे वळले. मग म्हणाले, "चाचा, ते खोकं परत गेटवर न्या. आणि तुम्हीही तिथेच बसा."

चाचा दारापर्यंत गेले. तेवढ्यात मोठ्या सरांनी हाक मारली, "पण चाचा, परवा तुम्हीच म्हणालात ना, सेट खराब? खरं काय ते सांगा."

चाचांनी खोकं खाली ठेवलं. डावा हात वर केला. मोठे सर गप्प झाले, मीही झालो. चाचांचे ओठ हलत होते. आठ. नऊ. दहा.

"मशीन शरीफ, सर. मालक खराब."