घड्याळजींच्या मागावर

"आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय," घड्याळजी म्हणाले आणि साखरेचा डबा त्यांनी स्वतःच्या हातांनी दूर सरकवला.

बाईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली. 'दोघांनी' या शब्दात आपण नाही, हे त्यांना लगेच कळलं. दोघं म्हणजे घड्याळजी आणि दवाखान्यातल्या नव्या सिस्टर. मधुमेह निघाल्यापासून बाई नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या. चहा फिका प्या, संध्याकाळी चाला, दिवसभर दुकानात वाकून बसू नका. बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. बाईंच्या शिवणवर्गातल्या मुली त्यांच्या नुसत्या नजरेने शिवलेलं उसवायला बसत. हा घरचा विद्यार्थी मात्र ढिम्म हलत नव्हता. आणि आता एका भेटीत साखर बंद!

"असं काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या काहीच नाहीत. विचारलं त्यांनी. काका, तब्येत सुधारली की तुम्हाला काय करायचंय?"

"मग? काय सांगितलंत?"

घड्याळजी चक्क लाजले. "ते आमच्यातलं आहे."

बाईंनी गाळणी मोरीत आपटली.

संध्याकाळी घड्याळजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, उरलेल्या केसांचा भांग पाडला आणि ते फिरायला निघाले. फिरायला जाताना भांग कोण पाडतं? दवाखाना बागेच्या समोरच होता. बाईंनी मनातल्या मनात टाका टाक्याला जोडला, पायात चपला सरकवल्या आणि दिवेलागणीच्या अंधुक उजेडात त्याही निघाल्या, अंतर ठेवून.

पहिल्या दिवशी घड्याळजी दर बाकावर टेकत टेकत बागेला कशीबशी एक फेरी मारून परतले. सिस्टरचा पत्ता नव्हता. 'आज नाही आली, उद्या येईल,' असं म्हणत बाई दुसऱ्या दिवशी निघाल्या, तिसऱ्या दिवशीही निघाल्या.

घड्याळजींना जवळची केसाएवढी स्प्रिंग दिसे, पण दहा हातांवरचं माणूस ओळखू येत नसे. कान मात्र शाबूत होते. मागून चपलांची फटफट येई, आपण थांबलो की तीही थांबे. त्यांनी वेग वाढवला. फटफटीनेही वाढवला. मग बाकावर टेकणं बंद झालं. काही दिवसांत घड्याळजी बागेभोवती असे सुटत, की बाईंना पदर खोचून पळावं लागे. नवरा घरी पोचायच्या आत आडवाटेने येऊन त्या मोरीशी उभ्या राहत.

"तुला कसली धाप लागलीये?"

"भांडी कोण घासतं या घरात?"

"अगं, कुणीतरी माझ्या मागावर आहे."

"तुमच्या मागे कोण येणार? भास होत असतील," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून त्यांनी घाम पुसला.

महिन्याने तपासणी झाली. घड्याळजी उड्या मारतच घरी आले. "रक्तातली साखर उतरली! सिस्टर म्हणाल्या, काका, कमाल केलीत तुम्ही!" बाईंचा जळून कोळसा झाला. त्या गडबडीत नवऱ्याचं पुढचं वाक्य त्यांनी नीट ऐकलंच नाही. मागे लागणाऱ्या माणसाबद्दल घड्याळजींनी सिस्टरना सांगितलं होतं आणि सिस्टरनी बागेच्या वॉचमनला.

त्या संध्याकाळी बाई झुडपाआड वाकल्या आणि त्यांच्या तोंडावर बॅटरीचा झोत पडला.

"काका, सापडला तुमचा माणूस!" वॉचमन ओरडला. "बाई निघाली!"

घड्याळजींनी जवळ येऊन निरखून पाहिलं. "ही माझी बायको आहे."

"असू दे. तक्रार ठेवायची का मागे घ्यायची?"

बाईंना काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण धापेपुढे शब्द फुटेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघांनी मिळून त्यांना समोर दवाखान्यात नेलं. सिस्टरनी खुर्ची दिली, पाणी दिलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. दम परत येताच बाईंनी पहिला प्रश्न टाकला, "ह्यांनी तुम्हाला काय करायचंय म्हणून सांगितलं?"

सिस्टरनी घड्याळजींकडे पाहिलं. त्यांनी खाली बघत मानेनेच हो म्हटलं.

"काका म्हणाले, बायको कायम चार पावलं पुढे असते. कोपऱ्यावर थांबते ती कपाळाला आठ्या घालून. एकदा तरी तिच्या बरोबरीने चालायचंय."

बाई हळूच म्हणाल्या, "पण महिनाभर मीच ह्यांच्या मागून पळतेय."

"तरीच!" सिस्टर खळखळून हसल्या. पट्टा सोडता सोडता त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. "काकू, तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय. औषधाचं डॉक्टर सांगतील. पण तुम्हाला काय करायचंय?"

जेवायला काय करायचं, हे बाईंना रोज कुणी ना कुणी विचारत होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"ह्यांना जरा बाहेर बसायला सांगता का?"

घड्याळजी बाहेर बसले. दाराआडून आधी कुजबुज आली, मग हसू, मग पुन्हा कुजबुज. वॉचमन तीनदा डोकावून गेला. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या, तोंड धुतल्यासारख्या प्रसन्न.

"काय ठरलं?" घड्याळजींनी विचारलं.

"ठरलं काहीतरी."

"अगं, पण काय? माझ्याशी त्या कधी इतकं हसल्या नाहीत."

बाई चालू लागल्या. उत्तर निसटू नये म्हणून घड्याळजी घरापर्यंत त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालत राहिले, एकाही कोपऱ्यावर मागे न पडता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आणि तुला खुर्ची दिली त्यांनी," कुलूप उघडताना ते धुसफुसले. "मला स्टुलावर बसवलं होतं."